परीक्षेचा दिवस : हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयीन परीक्षांचा इतिहास

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. येथील विद्यार्थ्याची परीक्षा मात्र जिल्ह्याहून कितीतरी जुनी आहे आणि तिचा कारभार नेहमी जिल्ह्याबाहेरून चालत आला आहे. प्रश्नपत्रिका काढणारे आणि निकाल लावणारे विद्यापीठ आधी हैदराबादला होते, मग औरंगाबादला आले आणि १९९४ पासून नांदेडला आहे. हे अंतर जसजसे कमी झाले तसतसा परीक्षेचा दिवसही बदलला. विद्यार्थी कुठे झोपतो, कशाने प्रवास करतो, कोणत्या भाषेत उत्तर लिहितो आणि पेपर देऊन परतल्यावर त्याला शेतावर जावे लागते की नाही, या सगळ्याचा संबंध त्या अंतराशी आहे.

निजामाच्या काळात हिंगोलीची ओळख शिक्षणाची नव्हती, लष्करी छावणीची होती. हैदराबाद कंटिन्जंटचे हे ठाणे १९०३ पर्यंत टिकले. १९१२ मध्ये पूर्णा–हिंगोली ही मीटरगेज शाखा सुरू झाली आणि गाव मनमाड–सिकंदराबाद या मुख्य मार्गाला जोडले गेले. पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या मुलाला पूर्णा जंक्शनला गाडी बदलावी लागे. तेथून एका बाजूला औरंगाबाद, दुसऱ्या बाजूला हैदराबाद. इंटरसाठी पहिली दिशा घेता येत असे, कारण औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले होते. बी.ए. किंवा बी.एस्सी.साठी हैदराबादशिवाय गत्यंतर नव्हते.

हैदराबादेत दोन वाटा होत्या. १८८७ मध्ये सुरू झालेले निजाम कॉलेज इंग्रजी माध्यमाचे आणि मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले. त्यासाठी भाषांतराची स्वतंत्र संस्था उभारली आणि रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंतची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली. भारतीय भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग त्या काळी देशात वेगळाच होता आणि त्याचे मोल नाकारता येत नाही. पण ती भाषा हिंगोली–वसमतच्या शेतकऱ्याच्या घरची नव्हती. प्राथमिक शाळेत मराठी, हायस्कुलात उर्दू, सोबत सक्तीचे इंग्रजी असा प्रवास करून आलेला मुलगा परीक्षेच्या हॉलमध्ये इतिहासाचे किंवा पदार्थविज्ञानाचे उत्तर उजवीकडून डावीकडे लिहीत असे. विषय समजला तरी शब्द सुचेल याची खात्री नसे. त्यामुळे त्या पिढीच्या अभ्यासात पाठांतराचा वाटा मोठा राहिला. पुढे मराठवाड्यातल्या शिक्षकांवर घोकंपट्टीचा ठपका ठेवणाऱ्यांनी या मुळाकडे फारसे लक्ष दिले नाही.

परीक्षा वर्षातून एकदाच होत असे. शिवाय परगावी राहण्याचा खर्च असा की नापास झालेल्या मुलाला पुन्हा पाठवायचे की नाही, यावर घरात विचार होई. सुट्टीत गावी आलेला विद्यार्थी परत निघे तो तांदूळ, डाळ, शेंगदाणे आणि लोणच्याची बरणी घेऊन. परीक्षेच्या दिवसांत खोलीवर स्वतः स्वयंपाक करणाऱ्यांचा निम्मा वेळ त्यातच जाई. ज्यांना वसतिगृह मिळे ते भाग्यवान.

याच वसतिगृहांतून १९३८ मध्ये वंदे मातरम् चळवळ उभी राहिली. प्रार्थनेत हे गीत म्हणण्यास बंदी आल्यावर औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांच्यासाठी नागपूर विद्यापीठाने दार उघडले आणि मराठवाड्यातली अनेक मुले निजामी हद्द ओलांडून मध्यप्रांतात परीक्षेला बसली. हिंगोलीच्या दृष्टीने ही हद्द लांब नव्हती. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. १९४७–४८ मध्ये हीच सरहद्द पुन्हा महत्त्वाची ठरली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या हाकेनंतर कित्येकांनी कॉलेज सोडले आणि उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांत दाखल झाले. त्या वर्षीची परीक्षा त्यांच्या लेखी नव्हतीच. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव पुढे वसमतच्या महाविद्यालयाला दिले गेले, त्यामुळे आज बहिर्जी स्मारक महाविद्यालयाच्या परीक्षा केंद्रावर बसणारा विद्यार्थी हॉल तिकिटावर रोज ते नाव वाचतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर उस्मानियाचे उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. मराठी विद्यार्थ्याला त्यातून लगेच सुटका मिळाली असे म्हणता येत नाही, फक्त परकी भाषा बदलली. खरा फरक महाविद्यालये जवळ आल्याने पडला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू केले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या मुलांना नांदेड हे पहिल्यांदाच एका दिवसात गाठता येणारे महाविद्यालयाचे गाव झाले. मराठवाड्यातील दलित मुलांसाठी मिलिंद आणि त्याचे वसतिगृह म्हणजे परीक्षेपर्यंत टिकून राहण्याची बहुधा एकमेव खात्रीची जागा होती.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. न्यायमूर्ती पळणिटकर समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. परीक्षा विभाग हैदराबादहून औरंगाबादला आला. हिंगोलीहून हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक होते, पण निदान अर्ज मराठीतून करता येई आणि कारकुनाशी मराठीत बोलता येई. कला आणि वाणिज्य शाखांत उत्तरे मराठीतून लिहिण्याची वहिवाट हळूहळू रुळली. विज्ञानाची पुस्तके इंग्रजीच राहिली आणि बी.एस्सी.चा विद्यार्थी वर्गात मराठीत ऐकून पेपरात इंग्रजीत लिहू लागला. ही कसरत अजून चालू आहे.

यानंतरच्या काही दशकांत महाविद्यालय तालुक्याच्या गावी आले. हिंगोलीत आदर्श महाविद्यालय आणि शिवाजी महाविद्यालय, वसमतला बहिर्जी स्मारक, सेनगावला तोष्णीवाल महाविद्यालय, औंढ्याला नागनाथ महाविद्यालय अशी साखळी तयार झाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फी माफी देणारी ईबीसी सवलत आणि समाजकल्याण खात्याची वसतिगृहे यांमुळे घरातला पहिलाच शिकणारा मुलगा पदवीच्या परीक्षेपर्यंत पोचू लागला. कळमनुरी, औंढा, सेनगाव या भागांत आंध आदिवासी समाजाची मोठी वस्ती आहे. त्या मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे पुढे आधाराची ठरली.

या काळातला, म्हणजे साधारण १९७० ते १९९५ दरम्यानचा परीक्षेचा दिवस आज पन्नाशी–साठी ओलांडलेल्या पिढीच्या अनुभवातला आहे आणि तो बराच सारखा होता. परीक्षा मार्च–एप्रिलमध्ये, वर्षभराचा अभ्यासक्रम एका पेपरात, पेपर तीन तासांचा. खेड्यातला मुलगा परीक्षेपुरती तालुक्याला खोली करी. तिघे–चौघे मिळून एक खोली, गावाकडून एसटीने येणारा भाकरीचा डबा, तो आणून देणारा ओळखीचा कंडक्टर. हा डबा कॅरिअरवर किंवा ड्रायव्हरच्या मागे ठेवला जाई, स्टँडवर मुले वाट पाहत उभी असत आणि गाडी चुकली तर दुपारचे जेवण चुके. वीज असलेल्या खोलीचे भाडे जास्त, म्हणून कंदील किंवा दिव्याच्या खांबाखालची जागा. पहाटे चारला उठून वाचलेले लक्षात राहते यावर सगळ्यांची श्रद्धा होती. दिवसा उन्हाचा ताव इतका की दुपारी पत्र्याखाली बसून वाचणे शक्यच नसे, तेव्हा पहाटेला दुसरा पर्याय नव्हता.

सकाळी शर्टाच्या खिशात दोन पेन आणि हॉल तिकीट. केंद्राच्या फाटकाजवळ बोर्डावर बैठक व्यवस्था लावलेली असे आणि आपला नंबर कोणत्या हॉलमध्ये आहे हे पाहण्यासाठी एकच गर्दी उडे. पहिली घंटा उत्तरपत्रिकेची, दुसरी प्रश्नपत्रिकेची. प्रश्नपत्रिका औरंगाबादहून सीलबंद पाकिटात येत आणि केंद्रप्रमुख ते पाकीट साक्षीदारांसमोर उघडत. पुरवणी मागितली की पर्यवेक्षक सही करून देई आणि शेवटी सगळ्या पुरवण्या पांढऱ्या दोऱ्याने बांधायच्या. कोणी किती पुरवण्या घेतल्या यावरून बाहेर अंदाज बांधले जात. पेपर संपला की उत्तरे ताडून पाहणारे आणि झाला विषय सोडून देणारे असे दोन तट पडत. मधल्या सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन येणे शक्य असे, आणि बहुतेकांना जावे लागत असे. कारण वर्षातल्या या एकाच परीक्षेचा महिना शेतावर माणसे लागण्याचाही महिना होता.

वसमत आणि हिंगोली हे हळदीचे टापू आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट यार्ड राज्यभरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. हळदीची काढणी फेब्रुवारीपासून सुरू होते. खणणे, कंद वेगळे करणे, शिजवणे, पंधरा–वीस दिवस उन्हात वाळवणे, मग पॉलिश, असा हा व्याप एप्रिलपर्यंत चालतो. शिजवताना रात्रभर जाळ लागतो आणि कोणीतरी जागे राहावे लागते. पदवीचे पेपर आणि हळदीची काहील यांची तारीख दरवर्षी एकच असे. त्यातच एप्रिल–मेची लग्नसराई. घरात मुलीचे लग्न निघाले तर भावाचा अभ्यास बाजूला पडे. मुलीचे स्वतःचे लग्न परीक्षेआधी उरकले तर तिचा पुढचा पेपर सासरच्या मर्जीवर अवलंबून राही. शेवटच्या वर्षाचा अर्ज भरलेल्या आणि परीक्षेला न बसलेल्या मुलींची गैरहजेरी निकालपत्रात नुसती नोंदली जाई, तिचे कारण कोणी लिहीत नसे.

परीक्षेनंतरची वाट लांब होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांकडे जात आणि निकाल वृत्तपत्रात बैठक क्रमांकांच्या रांगांत छापून येई. तो अंक हिंगोलीत दुपारपर्यंत पोचे. नंबर सापडला नाही तर छपाईची चूक असेल या आशेवर गुणपत्रक येईपर्यंत दिवस काढता येत. गुणपत्रकात चूक निघाली, नाव चुकले, एखाद्या विषयाचे गुण लागलेच नाहीत तर औरंगाबाद गाठावे लागे. जाण्यायेण्यात दोन दिवस आणि मुक्कामाचा खर्च. विद्यापीठ जवळ हवे या मागणीला लोकांचा इतका पाठिंबा का मिळाला, याचे उत्तर अस्मितेच्या भाषणांपेक्षा या खेपांमध्ये अधिक सापडते.

परीक्षेचा साचाही याच काळात बदलला. महाराष्ट्रात १०+२+३ आकृतिबंधानुसार पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली, पहिली बारावी १९७७ मध्ये, आणि त्यानंतर पदवी तीन वर्षांची झाली. दहावी–बारावीच्या मंडळाचा विभाग औरंगाबादलाच राहिला. त्यामुळे हिंगोलीचा विद्यार्थी आजही बारावीपर्यंत एका शहराच्या अखत्यारीत आणि पदवीला दुसऱ्या शहराच्या अखत्यारीत असतो.

विद्यार्थ्यांच्या आंदोलनांनी या वर्षांत अनेक परीक्षा सत्रे विस्कटली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच आघाडीवर होते. अनुशेष, नोकऱ्या, रुंदमापी रेल्वे आणि शिक्षणाच्या सोयी या त्यांच्या मागण्या होत्या. या आंदोलनात वसमतला पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात बळी गेले, म्हणून वसमतचे नाव मराठवाड्याच्या आंदोलनांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ज्यांची घरे जळाली त्यांच्या मुलांची पुस्तकेही जळाली, आणि त्या वर्षी परीक्षेला बसणे ही त्यांच्यासाठी वेगळीच गोष्ट होती. अखेर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या मूळ नावाला आंबेडकरांचे नाव जोडून नामविस्तार झाला.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. जनार्दन वाघमारे पहिले कुलगुरू होते. नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे या विद्यापीठाकडे आले आणि पाच वर्षांनी परभणीतून निघालेला हिंगोली चौथा जिल्हा झाला. वसमतहून नांदेड तासाभराच्या वाटेवर आहे. सकाळच्या गाडीने जाऊन गुणपत्रकातली दुरुस्ती करून संध्याकाळी परत येता येऊ लागले. पुढे विद्यापीठाने हिंगोलीत स्वतःचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेजही सुरू केले. हिंगोलीवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला, पण तोवर विद्यार्थ्यांनी रेल्वेपेक्षा एसटीचा सवलतीचा पास आणि नंतर मोटारसायकल यांनाच आपलेसे केले होते.

महाविद्यालय गावाजवळ आल्याचा एक परिणाम कोणालाच नको होता, तरी तो झाला. परीक्षा केंद्र ओळखीचे, पर्यवेक्षक ओळखीचे, शिपाई भावकीतला, त्यामुळे कॉपी सोपी झाली. कॉपी ही हिंगोली–नांदेडचीच खोड नव्हती. राज्य सरकारने १९८२ मध्येच विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा केला होता. पण ऐंशी–नव्वदच्या दशकांत गाईडची पाने, खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या आणि झेरॉक्सच्या दुकानात मुंगीएवढ्या अक्षरांत निघणाऱ्या मायक्रो झेरॉक्स यांनी काही केंद्रांवरचा परीक्षेचा दिवस जत्रेसारखा केला. दोष विद्यार्थ्याच्या नीतीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. वर्षभर तास न झालेल्या विषयाचा पेपर, दरवर्षी फिरून येणारे तेच प्रश्न आणि बाजारात मिळणारे अपेक्षित प्रश्नसंच यांची त्यात मोठी भागीदारी होती. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली. बैठी पथके, भरारी पथके आणि महसूल खात्याचे कर्मचारी केंद्रांवर बसवल्यावर निकाल खाली आला. शेजारच्या हिंगोलीलाही त्याची झळ लागली आणि पुढे कॉपीमुक्त अभियान राज्यभर नेले गेले.

वार्षिक परीक्षेची जागा सत्र पद्धतीने घेतल्यावर परीक्षेचा हंगाम वर्षातून दोनदा येऊ लागला. विद्यापीठाच्या कागदपत्रांत हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा अशी नावे आहेत. पेपर लहान झाला, अंतर्गत मूल्यमापन आले, आणि एटीकेटीमुळे मागचे विषय घेऊन पुढच्या वर्गात बसता येऊ लागले. एका पेपरात वर्ष बुडण्याची भीती गेली, हा मोठा दिलासा. दुसरी बाजू अशी की मागच्या सत्राचे विषय आणि चालू सत्राचे विषय एकाच पंधरवड्यात आले की काहींना एका दिवशी दोन पेपर द्यावे लागतात. हंगामाची गाठही दुहेरी झाली. उन्हाळी परीक्षा हळदीत, हिवाळी परीक्षा सोयाबीनच्या काढणी–मळणीत आणि त्यामागोमाग हरभऱ्याच्या पेरणीत. त्यात हिंगोलीचा प्रसिद्ध दसरा आणि दिवाळी. शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते तेव्हा रात्री दारे धरणारा आणि सकाळी पेपर देणारा एकच मुलगा असतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर घरातही बारा–बारा तास वीज नसे, त्यामुळे वडिलांच्या पिढीचा कंदील पुन्हा बाहेर निघाला होता.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने परीक्षा थांबल्या. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि राज्यातील विद्यापीठांनी त्या ऑक्टोबरच्या सुमारास बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात घेतल्या. खेड्यातल्या विद्यार्थ्याने प्रथमच घरी बसून, मोबाइलवर विद्यापीठाचा पेपर दिला. जिथे नेटवर्क मिळेल ती जागा त्याचे केंद्र, मग ते शेतातला बांध असो की शाळेचा ओटा. ज्याच्या घरी एकच मोबाइल होता तिथे भावंडांच्या पेपरांची वेळापत्रके एकमेकांना छेदत. दोन वर्षांनी पुन्हा हॉलमध्ये बसून लिहायची वेळ आली तेव्हा लिहिण्याची सवय मोडल्याची तक्रार शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही करत होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४–२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाची रचना बदलली. श्रेयांक, मेजर–मायनर विषय, चार वर्षांच्या पदवीचा पर्याय असे त्याचे स्वरूप आहे. प्रश्नपत्रिकांच्या सीलबंद पाकिटांची जागा केंद्रावरच उतरवून छापल्या जाणाऱ्या प्रतींनी घेतली. हॉल तिकीट संकेतस्थळावरून काढले जाते आणि निकाल मोबाइलवर दिसतो. वेळापत्रक बदलल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते, ती खरी की खोटी हे विचारायला मात्र महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन करावा लागतो. तालुक्याच्या गावी अभ्यासिका उघडल्या आहेत, तिथे महिन्याच्या शुल्कात खुर्ची, पंखा आणि वायफाय मिळते. पदवीच्या पेपरपेक्षा पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके त्या टेबलांवर अधिक दिसतात. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो–इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिल्यापासून तेथील महाविद्यालयांत भौतिकशास्त्राची चर्चा वाढली आहे, पण प्रवेशांचा ओढा अजून कला शाखेकडेच आहे. हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षाही आता जिल्ह्यातच होतात.